बसलेल्या माणसाचं माप

सकाळपासून वरच्या वावरात फवारणीचा पंप चालू आहे. पेट्रोलवरचा, पाठीवर घ्यायचा. त्याचा आवाज आधी भुंग्यासारखा येतो, माणूस सरीच्या टोकाला वळला की एकदम चढतो आणि पुन्हा खाली बसतो. टोमॅटोला सारखं औषध लागतं, म्हणून या दिवसांत आमच्या आळे गावात हा आवाज कुठूनही येतो. बाकीच्यांना तो ऐकूही येत नसेल. मी मात्र मशिनीवरून उठते, उगाच चुलीपाशी जाते, झाकण उघडून पुन्हा झाकते, दारात येते, परत बसते. सुईत दोरा असतो, ब्लाउजची बाही दाबाखाली धरलेली असते, आणि पाय पायडलवर ठरत नाही.

भाद्रपद सरताना हे असंच होतं. ऊन वरून चटके देतं आणि खाली मातीत ओल तशीच असते. बांधावर गवत कमरेला लागतं. बाजरीची कणसं भरलेली, त्यांवर पाखरांचे थवे बसतात-उठतात. झेंडूला कळ्या धरलेल्या असतात आणि सगळं गाव दसऱ्याची वाट बघत असतं. मला सहा वर्षांपूर्वीचा दसरा आठवतो. आठवतो म्हणण्यापेक्षा तो माझ्या अंगात शिरतो, डाव्या कुशीतून.

फाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून, पुण्याच्या एका शेठनं पडीक जमीन घेतली होती. त्यानं तिथे डांबराचा रस्ता केला. इकडून वळायचा, तिकडून वळायचा आणि जिथून निघाला तिथेच परत यायचा. कुठेही न जाणारा रस्ता लोकांनी पहिल्यांदा पाहिला. कडेनं जुन्या टायरांच्या उतरंडी लावल्या आणि सहा गाड्या आणल्या. जमिनीपासून चार बोटं वर, दार नाही, टप नाही, मागे पंपाएवढं इंजिन आणि मध्ये बादली तिरपी कापावी तशी एक सीट. गोकार्ट म्हणतात तिला. आमच्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीवर जीव टाकणारी माणसं, त्यांनी तिला दोन दिवसांत नाव दिलं, बिनबैलाचा छकडा.

आमचे हे फाट्यावरच्या चाचांच्या गॅरेजात मेकॅनिक. चाचा मूळचे जुन्नरचे, यांचे उस्ताद. शेठनं गाड्यांची देखभाल चाचांना दिली आणि चाचांनी यांना तिकडे पाठवलं. गाडी दुरुस्त केली की चालवून बघावी लागते. अंगानं हे शेवग्याच्या शेंगेसारखे. वजन नाही म्हणून गाडी यांच्या हातात वाऱ्यासारखी पळायची. बघता बघता रविवारी पुण्याची मुलं येऊन यांच्याबरोबर शर्यत लावून बघायला लागली.

पारावर कुणी म्हणायचं, "काय दत्तू, बैलं कुठं सोडली राव?"

"टाकीत हाईत नाना. पेट्रोल पित्यात."

यांना असं बोलता येतं हे मला लग्नाला अकरा वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी हे घरी आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "शर्ट तेवढा काढून दे."

त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं. मी पुढं झाले. डावा हात वर जाईना. गाडी वळणावर टायरांना घासली होती, बाकी काही नाही, असं ते थांबत थांबत सांगत होते. दोन शब्द, मग थोडा श्वास, मग दोन शब्द. कुशीवर तळहाताएवढं निळं पडलेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. बरगडीला चीर गेली होती. "पट्टा आवळून बांधायचा नाही," ते म्हणाले, "छाती हलली पाहिजे, दुखलं तरी खोल श्वास घ्यायचा. आणि महिनाभर त्या गाडीत बसायचं नाही. त्याच जागी पुन्हा जोरात लागलं, हाड मोडून आत गेलं, तर फुप्फुसाला भोक पडेल."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. भाकरी थापताना ते परातीत असायचं.

बरगडीचं दुखणं दिसत नाही. ते शिंकेत असतं, उचकीत असतं, कुशीवर वळण्यात असतं. सगळ्यात जास्त हसण्यात असतं. शेजारची कमळ म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. ती यायची आणि मुद्दाम काहीतरी बोलायची. हे उशी कुशीला घट्ट धरून म्हणायचे, "वहिनी, पाया पडतो, हसवू नका." मला ते बघवायचं नाही. माणूस घरात हसू दाबून बसला आहे, हे रडण्यापेक्षा वाईट दिसतं.

महिना सरला. गौरी-गणपती झाले आणि हे पुन्हा जायला लागले. दसऱ्याला शेठनं शर्यत ठेवली होती, पुण्याची मुलं आणि इथले मेकॅनिक. चाचांनी यांचं नाव दिलं होतं. मी एकदाच म्हटलं, "सोडा की ते."

हे जेवत होते. घास हातात ठेवून म्हणाले, "मंगल, गॅरेजात मी गाडीखाली असतो. लोकांना माजं पाय तेवढं दिसत्यात. तिथं मी गाडीवर असतो."

मी पुन्हा विषय काढला नाही. पण मला शिवता येत होतं. बोलता येत नाही तिथं मी शिवते, हे माझं लहानपणापासूनचं. मी ठरवलं, यांच्या बरगड्यांना जाकीट करायचं.

यांना भिंतीशी उभं केलं. "सरळ ऱ्हावा. हात वर करा. जाईल तेवढा." छातीचा घेर, काखेपासून कमरेपर्यंतची लांबी, सगळं टेपनं मोजून मापाच्या वहीत लिहिलं. सासूबाईंची जुनी लुगडी होती, मऊ झालेली. त्यांचे थर घातले, मध्ये कापूस, आणि गोधडीसारखे बारीक बारीक धावते टाके. दुखऱ्या कुशीला सात थर, बाकी पाच. बाजूला बांधायला नाड्या. दुपारच्या उन्हात दारात बसून ते शिवताना मला बरं वाटायचं. प्रत्येक टाक्याला वाटायचं, आता इथून काही आत जाणार नाही. यांनी घालून बघितलं, उभ्यानं, आरशापुढं. म्हणाले, "झकास. बेंदराच्या बैलाला झूल घालावी तसा दिसतोय."

ती गाडी मी तोपर्यंत एकदाही पाहिली नव्हती. लांबून, एसटीतून, टायरांच्या मागे काहीतरी रंगीत पळताना दिसलं असेल तेवढंच. तिथं बायका जायच्या नाहीत असं नाही, पुण्याच्या यायच्या की. पण मी बाजारातसुद्धा कमळच्या मागे उभी राहून भाव विचारणारी. मी तिथं जाऊन काय बघणार होते?

पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी हे लवकर घरी आले. तोंड राखेसारखं. जाकीट अंगातच होतं. मी नाड्या सोडल्या आणि बघितलं, सात थरांच्या खाली, काठापासून बरोबर तीन बोटांवर, नवा निळा डाग. जाकीट पार वर सरकलेलं. जिथं लागायचं तिथं उघडंच राहिलं होतं.

"तुजं जाकीट व्हतं म्हणून वाचलो," हे म्हणाले.

खोटं बोलत होते. माझ्यासाठी बोलत होते. ते मला जास्त लागलं.

या वेळी हाड धरलं होतं, मुका मार होता. पण डॉक्टरांनी आवाज चढवला. दसऱ्याला पंधरा दिवस राहिले होते आणि हे शर्यतीला नाही म्हणेनात. मला एका जागी बसवेना. मी जाकीट उसवलं आणि आणखी दोन थर घातले. त्याच जागी. चुकीच्या जागी आणखी जाड! आता हसू येतं, पण तेव्हा माझे हात थांबतच नव्हते. पीठ दोनदा चाळायचे. धुतलेली भांडी परत धुवायचे. कमळ म्हणाली, "अगं, भांड्याला भोकं पडत्याल." मला भोक हा शब्दही ऐकवेना.

आमच्याकडे पोळा भाद्रपदाच्या अवसेला असतो, त्याला मी माहेरी गेले. घोडेगावाहून आहुप्याकडे जाणाऱ्या गाडीनं शेवटच्या दोन-तीन थांब्यांआधी उतरायचं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी त्या दिवसांत काठोकाठ असतं, गाडी त्याच्या कडेकडेनं जाते. माझी शाळा तिथली, चौथीपर्यंतच होती म्हणून मी चौथीपर्यंतच शिकले. गाडीत बसल्या बसल्या मी पिशवीची नाडी बांधत होते, सोडत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा निबर झालेला असतो, त्याला हळद आणि लोणी लावून मळायचं. आबा, माझे वडील, ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. ते शेळ्या-गुरांची मोडलेली हाडंही बसवायचे, कामट्या बांधून. मी वाटी धरून उभी होते. सगळं सांगून झालं. जाकीट पिशवीतून काढून दाखवलं. मनात होतं, ते म्हणतील, ह्यात बांबूच्या कामट्या घाल.

आबांनी तेलकट हात न लावता जाकीट नुसतं बघितलं. म्हणाले, "शिवलंस चांगलं. पन मला सांग, जू टोचत असंल तर बैलाला गोधडी घालत्यात का?"

"न्हाई."

"मग काय करत्यात?"

"जू तासत्यात."

"आन त्याच्या आधी?"

आबांनी माझा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवला. हळदीखाली कातडं घट्ट झालेलं, एका ठिकाणी गाठ होती. "आधी जू कुठं बसतं ते बघत्यात. जावयाला कुठं टेकतं? ते बसत्यात कसं त्या गाडीत?"

"मला ठाव न्हाई, आबा."

"बघितलं न्हाईस?"

बैल मान हलवत होता, त्याची घंटा वाजत होती. मला इतकी लाज वाटली की मी वाटीतलं लोणी बोटानं पुसून घेत राहिले, वाटी स्वच्छ झाली तरी. मी माणूस उभा मोजला होता, आणि मार त्याला बसल्यावर लागत होता.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेठच्या रस्त्यावर गेले. हे गॅरेजात आहेत हे बघून गेले. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. चार पावलं पुढं, दोन मागं. टायरांपाशी पोचले तेव्हा पाठ घामानं भिजली होती. चाचा गाडीखालून निघाले.

"बेटी? तू इकडं कशी? दत्तूला काय झालं?"

"काय न्हाई. मला ती गाडी बघायची व्हती. त्यांची."

"ही काय. बघ की."

"बसून."

चाचा हसले नाहीत. त्यांनी कामावरच्या मुलांना हाक मारली, "ए, चहा घेऊन या. सगळे जा. एका किटलीला चार जण कशाला लागतात ते मला विचारू नका." मुलं गेली. मग त्यांनी पाठ केली आणि म्हणाले, "बस आता आरामात."

मी निऱ्या सावरून बसले. बसले म्हणजे खाली गेले. गुडघे वर आले, पाठ मागं झुकली, पोटाला घडी पडली. माझा हात आपोआप कुशीवर गेला. उभं असताना जी बरगडी कमरेपासून वीतभर लांब असते, ती इथं सीटच्या काठावर येऊन टेकली होती. कडक, धारेचा काठ. आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा, माझ्यासारख्या काटक बाईलाही चार बोटं.

"चाचा, जरा ढकलता का? वळणापर्यंत."

त्यांनी हातानं ढकलली. जोर कसला, लहान मुलाची गाडी ढकलावी तेवढाच. पण वळणावर गाडी एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे, आणि काठ कुशीत असा लागला की तोंडातून "आई गं" निघालं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला एकदम हलकं वाटलं. आता मला जागा सापडली होती.

मी टोमॅटोच्या पॅकिंगला जाते. क्रेट गच्च भरला तर गाडी नाशिकपर्यंत जाऊ दे, माल जसाच्या तसा. पोकळ राहिला की वरून कितीही कागद घाला, प्रत्येक फळ शेजारच्यावर आपटतं. हे त्या सीटमध्ये पोकळ क्रेटमधल्या टोमॅटोसारखे होते.

"चाचा, ही सीट कुणाच्या मापाची हाय?"

चाचांनी डोकं खाजवलं. "शेठच्या."

शेठ मी पाहिला होता. त्याच्या पोटावर ताट ठेवून जेवता आलं असतं. मला हसू फुटलं, चाचांनाही, आणि चहा घेऊन आलेली मुलं आम्हाला बघून किटली धरून तशीच उभी राहिली.

पुढचे सात-आठ दिवस. घरात देव बसलेले, माळ चढवायची, उपवास, आणि ओट्यावर ती सीट. चाचांनी बोल्ट खोलून पाठवली होती. मी कापूस घ्यायला लागले तर त्यांनी निरोप दिला, "नरम नको. नरम दबतं, मग हाडाला काय उरतं?" म्हणून दोन्ही बाजूंना घट्ट फोम, त्याखाली ट्रॅक्टरच्या मडगार्डचं रबर, वरून रेक्झिन. धारेच्या काठावर पाण्याची जाड नळी मधून चिरून बसवली. जाकीट तीन बोटं खाली उतरवलं आणि कुशीत ऑइलच्या कॅनचं प्लॅस्टिक कापून घातलं, कोपरे विस्तवावर शेकून गोल केले. वरचे थर काढून टाकले. ते काढताना वाईट वाटलं.

मग यांना सीटमध्ये बसवलं. घराच्या ओट्यावर, रस्त्यानं जाणारे-येणारे बघत होते. मी टेप आणि खडू घेऊन गुडघ्यावर बसले.

"लई घट्ट हुतंय गं. श्वास कसा घ्यायचा?"

"घ्या श्वास. पुरा घ्या."

यांनी घेतला. "धरा." छाती फुगली, मी तिथं खडूनं रेघ मारली. "सोडा." पुन्हा रेघ. त्या दोन रेघांमध्ये एक बोट अंतर होतं. तेवढंच ठेवलं. त्याहून जास्त ठेवलं तर आपटणार, कमी ठेवलं तर गुदमरणार. मला वाटतं, मी आयुष्यात घेतलेलं सगळ्यात बारीक माप ते.

कमळ भिंतीवरून ओरडली, "काय गं, नवऱ्याला कुंडीत लावतीस का?"

खंडेनवमीला सगळ्या गाड्या धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. दुसऱ्या दिवशी शर्यत. मी गेले. कमळ बरोबर होती, पण मी तिच्या मागे नाही, शेजारी उभी राहिले. सहा इंजिनं एकदम सुरू झाली आणि माझ्या दातांत ती वाजायला लागली. हे निळ्या गाडीत. हेल्मेटमुळे तोंड दिसत नव्हतं, जाकिटावरचा लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता. मी बाकी कुठेच बघत नव्हते.

पहिला फेरा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात, आमच्या समोरच्या वळणावर, मागच्या लाल गाडीचा ताबा सुटला आणि ती थेट यांच्या डाव्या बाजूला येऊन धडकली. निळी गाडी फिरली, टायरांच्या उतरंडीत घुसली. टायर कोसळले. यांचं इंजिन बंद पडलं.

बाकीच्या गाड्या गुरगुरत होत्या, लोक ओरडत होते, पण मला ऐकू येत होतं ते फक्त ते बंद पडलेलं इंजिन. कमळच्या हातात माझी नखं रुतली होती, त्यांच्या खुणा नंतर तिनं दाखवल्या. मी यांच्याकडे बघत नव्हते. मी हिरव्या काठाकडे बघत होते. तो वर होतोय का, खाली होतोय का.

झाला. वर झाला.

मग यांनी हात उचलले. दोन्ही. डावाही, खांद्याच्या वर, आणि स्वतःच्या हातांनी हेल्मेट काढलं. चाचा धावत गेले होते, त्यांना यांनी हातानंच थांबवलं. कमळ टायरांवरून वाकून ओरडली, "भावजी, रस्ता तिकडं हाय! तुमी हिकडं कुठं बायकूला न्यायला आला?"

आणि हे हसले. कुशीला उशी न धरता, मान मागे टाकून, पोट हलवून. माझ्याकडे बघत हसत राहिले. नागपंचमीपासून अडकलेलं सगळं हसू त्या दिवशी बाहेर आलं असावं.

शर्यतीत यांचा नंबर शेवटून पहिला.

शेठचं ते सगळं दोन-तीन वर्षांत बंद पडलं. आता तिथं कांद्याची चाळ आहे आणि डांबराच्या फटींतून गवत आलंय. गाड्या कुणी नेल्या कोण जाणे, ती सीट मात्र चाचांनी आमच्या ओट्यावर आणून ठेवली. पाहुणे बसायला जातात आणि म्हणतात, बसवत नाही बुवा. बसणार कशी? ती एकाच माणसाच्या श्वासाची आहे.

माझ्याकडे ब्लाउज टाकायला बाई आली की मी तिचं माप आधी उभ्यानं घेते, मग तिला पाटावर बसायला सांगते आणि पुन्हा टेप लावते. बायका हसतात. "मंगल, बसून कुणी माप घेतं का गं?" मी त्यांना सांगते, ब्लाउज घालून तुम्ही काय दिवसभर उभ्याच असता? त्यांना ते पटतं. पुढचं मी सांगत नाही.

हे आता वावरात जास्त असतात. पाठीवरच्या पंपाच्या पट्ट्यांना मी गाद्या शिवल्या आहेत, यांच्या अंगावर पंप देऊन, चालायला लावून, वाकायला लावून. तरीही आश्विन जवळ आला की हे असं होतं. इंजिन चालू असतं तोवर मी उठते, बसते, झाकणं उघडते. आणि ते बंद पडलं की

आत्ताच बंद पडलं. मी दारात जाऊन आले. ऊन डोळ्यांवर येत होतं, टोमॅटोच्या बांबूंमध्ये काही दिसेना. मी हाक मारली. मोठ्यानं, रस्त्यावर माणसं असताना.

"टाकी भरतूय गं!" वरून आवाज आला. पूर्ण वाक्य, एका श्वासात.

मी आत येऊन बसले. बाही राहिली होती, ती आता पुरी करते.